काळोखाचे ठसे



पोलादपुराहून येतांना महाड मागें पडलें, कीं गांधारपाल्याची टेकडी लागते. तिच्यांत सुमारें तीस बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. भर दुपारच्या उन्हांतून एखाद्या लेण्यांत शिरलें, तर क्षणभर कांहींच दिसत नाहीं. तेवढ्यांत एखादें वटवाघूळ फडफडलें, तर त्या रिकाम्या काळोखांत मन नाहीं नाहीं त्या आकृति पाहूं लागतें. असा काळोख कागदावर उतरविण्याची एक नवी विद्या युरोपांतील चित्रकारांना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत साधली. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

या विद्येस ॲक्वाटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरतात आणि पत्रा तापवून ती चिकटवितात. मग पत्रा तेजाबांत बुडवितात. कणांमधल्या फटींतून तेजाब तांबें खातें. जितका वेळ अधिक, तितके खळगे खोल. जितके खळगे खोल, तितकी त्यांत शाई अधिक आणि छाया गडद. जेथें उजेड ठेवावयाचा, तो भाग आधींच रोगणानें झांकून घ्यावा लागतो. म्हणजे चित्रकार उजेड निर्माण करीत नाहीं, तो केवळ राखतो. काळोख मात्र टप्प्याटप्प्यानें वाढवीत नेतो.

स्पेनच्या गोयानें १७९९ सालीं या पद्धतीचा उपयोग करून ८० चित्रांचा ‘काप्रिचोस’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत चेटकिणी आहेत, भुतें आहेत, गुरुजी बनलेलें गाढवहि आहे. ४३ व्या चित्रांत एक मनुष्य मेजावर डोकें टेकून झोंपला आहे आणि त्याच्या पाठीमागून घुबडें व वटवाघळें उठत आहेत. विवेक झोंपला कीं राक्षस जन्मतात, अशा अर्थाचे शब्द त्या मेजावरच लिहिले आहेत. हे राक्षस परक्या देशांतले नव्हते. स्वतःच्या समाजांतील अंधश्रद्धा, ढोंग आणि अज्ञान यांनाच गोयानें तें रूप दिलें होतें. संग्रह थोड्याच दिवसांत विक्रींतून काढून घेण्यांत आला, आणि १८०३ सालीं त्यानें ते पत्रे राजाच्या स्वाधीन केले.

त्याच १८०३ सालीं लंडनांत वेरूळच्या लेण्यांचीं २४ ॲक्वाटिंट चित्रें निघालीं. मूळ रेखाटनें जेम्स वेल्स याचीं. पुण्यास सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचीं चित्रें रंगविणारा तो हाच. ते नाना पुढें १७९६ सालीं महाडास येऊन राहिले होते. वेल्स १७९५ सालींच वारला. पत्रे थॉमस डॅनियलच्या देखरेखीखालीं तयार झाले.

आतां विचार करा. ज्या राळेनें गोयाचीं भुतें घडविलीं, तिनेंच वेरूळच्या लेण्यांतील छाया घडविल्या. आपल्या बहुभुज देवमूर्तींना राक्षस म्हणण्याची युरोपीय प्रवाशांची खोड तर त्याहून कितीतरी जुनी. तसल्या प्रेक्षकाच्या हातीं हें चित्र पडलें, तर तो त्या छायेंत कोरीव दगड पाहील, कीं स्वतःचें भय? गोयाचा काळोख पाहणाराला आपल्याच घरांत डोकावावयास लावतो. हा दुसरा काळोख दुसऱ्याच्या घराविषयीं भीति उत्पन्न करूं शकतो. हा भेद ओळखणें हें रसिकाचें काम होय.

आणि डोळ्यांची ही चूक केवळ परक्यांचीच नव्हे. गांधारपाल्याची भिक्षूंची वस्ती आपणहि पांडवांच्या नांवावर घातली आहे! तेथें गेलांत, तर थोडा वेळ स्वस्थ उभे रहा. डोळे सरावले, कीं भिक्षूंच्या निजण्याचे ओटे दिसतात, चैत्य दिसतो, राजकुमार विष्णुपालिताचा ब्राह्मी लेख दिसतो. काळोख तोच असतो. विवेक मात्र जागा झालेला असतो.