इंजिनची नाडी पाहू या!

दोस्तांनो, गॅरेजसमोर एक जुनी बुलेट उभी आहे असं समजा. चार दिवस तिचं इंजिन सुटं होऊन ट्रेमध्ये पडलं होतं. सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन आला, नव्या रिंगा चढल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. मालकाचे बरेच पैसे खर्च झाले. आणि आता? किक मारून मारून मिस्त्रींचा पाय दुखायला लागला, तरी गाडी गपगार! मालकाचा चेहरा पडला. "म्हणजे परत सगळं उघडायचं?"

थांबा! त्याचं उत्तर मुठीत मावेल असं एक यंत्र देतं. त्याचं नाव कॉम्प्रेशन गेज.

कॉम्प्रेशन म्हणजे दाबणं. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरा आणि दांडा दाबा. हवा बोटाला जोरात ढकलते, पंपही गरम होतो. इंजिनात पिस्टन हेच काम करतो. जुन्या ३५० बुलेटचा सिलिंडर ७० मि.मी. रुंद असतो आणि पिस्टन त्यात ९० मि.मी. वर-खाली होतो. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावून पाहा, उत्तर येईल साधारण ३४६ घन सें.मी.! एवढ्या जागेतलं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून इवलंसं केलं, की मग ठिणगी पडते. दाबच नीट बसला नाही, तर ठिणगी पडूनही उपयोग काय?

आता चाचणी. आधी चावी बंद. प्लग काढायचा आणि त्याच्या जागी गेज घट्ट बसवायचं. अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा. तो बंद राहिला तर हवा आत पुरेशी जात नाही आणि काटा खोटं बोलतो! मग जोरात किका मारायच्या. गेजमधला छोटा व्हॉल्व्ह हवेला परत फिरू देत नाही, म्हणून काटा प्रत्येक किकेला थोडा थोडा चढतो. चढायचा थांबला, की आकडा वाचायचा आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहायचा.

समजा, आकडा फारच कमी आला. हवा निसटते कुठून? रिंगांपाशी, व्हॉल्व्हपाशी, की हेड गॅस्केटमधून?

इथे मिस्त्री एक गंमत करतात. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडतात आणि पुन्हा किका मारतात. ऑइल रिंगांभोवतीच्या फटी थोडा वेळ बुजवतं. काटा चांगलाच वर गेला, तर हवा रिंगांपाशी निसटत होती. काटा जिथल्या तिथे राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे बघायचं.

आपल्या बुलेटचा काटा हललाच नाही! पण लगेच हेड उघडायची घाई नको. जुन्या बुलेटला किक सोपी व्हावी म्हणून डीकॉम्प्रेसर असतो. तो ओढला की आतली हवा बाहेर पडते. त्याची केबल जास्त ताणली गेली असेल, तर हवा सतत गळते. ती ठीक असेल तर टॅपेट तपासायचे. इंजिन थंड असावं आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर असावा. तेव्हा पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तो घट्ट असेल, तर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. दोन पान्यांचं काम! एवढं करूनही काटा खालीच राहिला, तरच हेड उघडायचं.

आणि एक लक्षात ठेवा. नव्या रिंगा पहिल्याच दिवशी सिलिंडरला तंतोतंत बसत नाहीत. सिलिंडरच्या आत मुद्दाम ओढलेल्या बारीक तिरप्या रेघांवर घासत घासत त्या जागा धरतात. म्हणून पहिला आकडा थोडा कमी आला, तर काम बिघडलं असं नाही. तो वहीत लिहून ठेवायचा आणि काहीशे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा मोजायचा. आकडा वाढला, तर समजा, रिंगा बसल्या!

गॅरेजमध्ये ही चाचणी चालली असेल, तर मिस्त्रींना विचारून जरूर बघा. पण प्लगच्या भोकाजवळ तोंड न्यायचं नाही. तिथून पेट्रोलची वाफ उडते!