तिकिटावरचे विमान आणि नकाशावरची सीट

मालाच्या खरेदीसाठी दुबईला जाणारे आपले व्यापारी बांधव तिकीट काढताना एजंटला दोनच गोष्टी विचारतात : भाडे किती, आणि सामान किती किलो? विमान कोणते, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक जवळपास त्याच भाड्यात प्रवास सुखाचा होणार की अवघडून बसण्याचा, हे पुष्कळदा विमानावरच ठरते. शिवाय आता सीट निवडण्याचे वेगळे पैसे पडतात. तेव्हा आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे जाणून घेतलेले बरे.

कंपनीजवळ जी विमाने असतात त्यांना तिचा ताफा म्हणतात. इंडिगोच्या ताफ्यात मुख्यतः एअरबस ए-३२० व ए-३२१ आहेत. त्यांत मधोमध एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा. लहान विमानतळांसाठी ७८ सीटांचे, पंख्यांचे एटीआर. त्यात दोन-दोन सीटा, म्हणजे मधली सीटच नाही. एटीआरचे दार मात्र मागच्या बाजूस असते, म्हणून लवकर उतरायचे तर मागे बसावे.

१९८५ साली सुरू झालेल्या दुबईच्या एमिरेट्सचे तसे नाही. तिची प्रवासी विमाने दोन वाटांची : बोइंग ७७७, दुमजली ए-३८०, आणि जानेवारी २०२५ पासून ए-३५०. हे नवे विमान त्याच महिन्यात मुंबईलाही येऊ लागले. ७७७ च्या साध्या वर्गात एका रांगेत तीन-चार-तीन अशा दहा सीटा. हे विमान मुळात नऊ सीटांच्या हिशेबाने बांधलेले, त्यामुळे सीट सुमारे १७ इंचच रुंद मिळते. ए-३८० च्या खालच्या मजल्यावरही दहाच सीटा. पण ते विमान रुंद असल्याने सीट सुमारे १८ इंच. ए-३५० मध्ये तीन-तीन-तीन.

आता खरी मेख अक्षरांत आहे. इंडिगोच्या ए-३२० मध्ये ए आणि एफ म्हणजे खिडकी, सी आणि डी म्हणजे वाटेकडची सीट. या सवयीचा माणूस ७७७ मध्येही ‘मला एफ द्या’ म्हणतो, आणि मधल्या चार सीटांच्या ऐन मध्यावर अडकतो! तेथे क्रम असा : ए बी सी, मग डी ई एफ जी, मग एच जे के. खिडकी ए आणि के. वाट सी, डी, जी, एच. आय हे अक्षर एकच्या आकड्यासारखे दिसते म्हणून गाळलेले असते. म्हणून अक्षर पाठ करू नये, नकाशा पाहावा.

नकाशावर आणखी काही पाहण्यासारखे असते. शेवटच्या रांगेची पाठ बहुधा मागे जात नाही आणि शौचालयाची वर्दळ तेथेच असते. आणीबाणीच्या दाराजवळ पाय मोकळे राहतात, पण उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत, आणि मुलांना ती रांग देतच नाहीत. पंखांजवळ हेलकावे कमी बसतात. वुजूसाठी उठावे लागणाऱ्यांनी, तसेच उमऱ्याला वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांनी, वाटेकडचीच सीट घ्यावी. खिडकीचा शौक तरुणांना सोडावा.

विमान ओळखायचे कसे? एजंटच्या संगणकावर उड्डाणासमोर सांकेतिक अक्षरे असतात. ‘७७डब्ल्यू’ म्हणजे मोठे ७७७, ‘३८८’ म्हणजे ए-३८०, ‘३५९’ म्हणजे ए-३५०. ती वाचून दाखवा म्हणावे. त्याला लपविण्यासारखे त्यात काही नाही. मात्र कंपनी आयत्या वेळी विमान बदलू शकते. म्हणून सीटचे पैसे भरले असतील तर पावती जपून ठेवावी, निघण्याच्या आदल्या दिवशी नकाशा पुन्हा पाहावा, आणि विमान बदलून आपली सीट गेली असल्यास विमानतळावर जाण्यापूर्वीच एजंटमार्फत बदली सीट किंवा पैसे मागावेत.