घरातली वीज मुलांना समजावून सांगा

आटगाव स्थानकात लोकलच्या वरून जाणाऱ्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. गावातल्या घरांत ती २३० व्होल्टने येते आणि भिंतीवरच्या घड्याळाला दीड व्होल्टचा सेल पुरतो. आकड्यांत एवढा फरक असला तरी पाया एकच आहे, आणि तो आठवी-नववीच्या मुलामुलींना सहज समजतो.

पहिला नियम ओहम यांचा, १८२७ सालचा. व्होल्टेजला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दुसरा किर्चहॉफ यांचा, १८४५ सालचा. तारांच्या जोडाकडे जेवढा प्रवाह येतो, तेवढाच तिथून पुढे जातो.

आता ईदची आदली रात्र पाहा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटची केटली लावलेली असते. वॅटला २३० ने भागा. इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते, केटली ६.५. दोन्ही प्रवाह बोर्डच्या एकाच वायरमधून येतात, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. बोर्ड ६ अँपिअरचा असेल तर वायर तापणारच. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. घरांना आग लागते ती अशीच. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे धोक्याची सूचनाच बंद करणे.

एमसीबी वायरिंगला वाचवते, माणसाला नव्हे. काही दशांश अँपिअरच्याही आतला प्रवाह शरीरातून गेला तर जीव जाऊ शकतो, आणि तेवढ्याने एमसीबी पडत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. पावसाळ्यात भिंती ओलावणाऱ्या आपल्या भागात तर हवेच.

मुलांना शिकवायचे ते बॅटरीवर, भिंतीतल्या सॉकेटवर कधीच नाही. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर एका ओळीत जोडा. एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेले ७ रेझिस्टरवर पडतात. ७ भागिले ४७० म्हणजे १५ मिलिअँपिअर. आधी कागदावर उत्तर काढायचे, मग मीटरने तपासायचे. सर्किटचे डिझाइन इथूनच सुरू होते.

गोडी लागली तर दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम आहे. तो मुलींसाठीही खुला आहे. बोर्डवर किती भार चालेल हे सांगणारी मुलगी घरात असणे ही मोठी सोय आहे.