यादीबाहेरची हवा

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षे राष्ट्रीय मानकांत बसली नव्हती अशा शहरांची यादी त्यासाठी आधार म्हणून घेण्यात आली. पुढे ती वाढत १३१ शहरांपर्यंत गेली. महाराष्ट्रातील १९ शहरे तीत असून मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर यांची नावे आहेत. बीड जिल्ह्यातील एकही शहर या यादीत नाही. यादीत नाव नसल्याचा अर्थ हवा निर्मळ आहे असा मात्र होत नाही, कारण यादीत जाण्यासाठी हवा नुसती वाईट असून भागत नाही, ती वर्षानुवर्षे नियमाने मोजलेलीही असावी लागते. आणि लहान शहरांच्या वाट्याला मोजमाप नेहमीच उशिरा येते.

बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८५ हजार होती आणि तिचा जेमतेम पाचवा हिस्सा नागरी वस्तीत राहत होता. बीड शहर सुमारे दीड लाखाचे, तर परळी वैजनाथ नव्वद हजारांच्या आसपासचे. बाहेरगावच्या यात्रेकरूला परळी ठाऊक असते ती ज्योतिर्लिंगामुळे. परळीकरांच्या रोजच्या बोलण्यात मात्र ‘थर्मल’ हा शब्द तितकाच येतो. येथील औष्णिक वीज केंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला, १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले आणि २००७ नंतर २५० मेगावॉटचे तीन संच त्यांत मिळाले. जुने संच टप्प्याटप्प्याने बंद होऊन आता या तीन संचांची ७५० मेगावॉट क्षमता उरली आहे.

या आकड्याचा राखेशी असलेला संबंध साध्या हिशेबाने समजून घेता येतो. भारतीय दगडी कोळसा राखाळ असतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या ३० ते ४५ टक्के भाग जळतच नाही, तो राख होऊन मागे राहतो. एक युनिट वीज तयार करण्यासाठी ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर ७५० मेगावॉटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालल्यास १ कोटी ८० लाख युनिट वीज निघते, त्यासाठी साडेबारा हजार टनांच्या आसपास कोळसा जळतो आणि चार हजार टनांहून अधिक राख उरते. प्रत्यक्षात केंद्र नेहमी पूर्ण क्षमतेने चालत नाही, पण रोज काही हजार टन हे परिमाण त्यामुळे बदलत नाही. यातील सुमारे पाचवा हिस्सा जाड असून भट्टीच्या तळाशी पडतो. उरलेली राख पिठासारखी बारीक असते आणि तप्त वायूंबरोबर चिमणीकडे धावते, म्हणून तिला उडती राख किंवा फ्लाय ॲश म्हणतात. चिमणीच्या आधी बसवलेली विद्युतभारित पत्र्यांची यंत्रणा हे कण आपल्याकडे खेचून घेते आणि नीट चालत असेल तर शंभरातील नव्याण्णवांहून अधिक कण अडवते.

अडवलेली राख पुढे कोठे जाते, हा परळीचा खरा प्रश्न आहे. कोरड्या राखेचा काही भाग सिमेंट कारखान्यांकडे आणि विटांसाठी जातो; बाकीची पाण्यात कालवून नळांवाटे दादाहरी वडगाव परिसरातील राखेच्या तळ्यात सोडली जाते. तळ्यात पाणी आहे तोवर राख बसून राहते, पण उन्हाळ्यात वरचा थर वाळला की त्याचा पापुद्रा फुटतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर राख शेतांवर, छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. तळ्यातून उपसलेली राख टिपरांतून आणि हायवांतून वीटभट्ट्यांकडे जाते, वाटेत सांडते, आणि सांडलेली राख मागून येणाऱ्या चाकांखाली पुन्हा पुन्हा भरडली जाऊन आणखी बारीक होते. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या प्रारंभी या राखेची चर्चा राज्यभर झाली खरी, परंतु ती राखेच्या व्यवहारातील पैशाची आणि वर्चस्वाची होती. तीच राख माणसांच्या छातीत जाते, ही बाजू त्या गदारोळात जवळजवळ ऐकूच आली नाही.

छातीत काय जाते हे कणाच्या आकारावर ठरते. माणसाच्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे दुसऱ्या प्रकारातील कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. जाड धूळ नाकातील केसांत आणि चिकट स्रावात अडकते व शिंकेवाटे बाहेर पडते. त्याहून लहान कण श्वासनलिकांपर्यंत पोचतात; तेथे नलिकांच्या अस्तरावरील अतिसूक्ष्म लव सतत वरच्या दिशेने हलत असते आणि कफात अडकलेला कण घशाकडे ढकलत राहते, म्हणूनच धुळीत राबणाऱ्या माणसाला सकाळी काळपट कफ पडतो. अडीच मायक्रॉनच्या खालचे कण मात्र ही सारी पहाऱ्याची ठिकाणे ओलांडून वायुकोशांत, म्हणजे ज्या इवल्या पिशव्यांच्या भिंतीतून प्राणवायू रक्तात उतरतो तेथपर्यंत जातात. तेथे लव नसते. कणांना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी तेवढ्या असतात, आणि त्या थकल्या किंवा मेल्या की तेथे दाह सुरू होतो. राखेत मुख्यतः सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाची संयुगे असतात, शिवाय आर्सेनिक व शिसे यांसारखे धातू अत्यल्प प्रमाणात असतात, त्यामुळे हा दाह साध्या मातीच्या धुळीने होणाऱ्या दाहासारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

हा दाह फुप्फुसांपुरता राहत नाही, आणि सामान्य समजुतीची चूक नेमकी येथे होते. प्रदूषण म्हणजे खोकला आणि दमा असे बहुतेकांना वाटते. परंतु दाहातून सुटलेली रसायने आणि अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रोहिण्यांच्या भिंतींवरील मेदाचे थर अस्थिर होतात, आणि त्यातून हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवतो. अशा मृत्यूच्या दाखल्यावर हवेचे नाव येत नाही. भारतात २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज १६ लाख ७० हजार, म्हणजे एकूण मृत्यूंच्या जवळपास १८ टक्के, इतका काढण्यात आला असून त्यात घराबाहेरच्या आणि चुलीच्या अशा दोन्ही धुरांचा समावेश आहे. फुप्फुसांच्या बाबतीत सर्वांत चिवट आजार म्हणजे सीओपीडी, ज्यात श्वासमार्ग कायमचा अरुंद होत जातो आणि माणसाला आधी जिना, मग अंगण आणि शेवटी अंथरुणावरून उठणेही जड जाते. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार मानला जातो, पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आणि कधीही तंबाखू न ओढलेल्या बायकांतही तो आढळतो. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांहून जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे वाढीच्या वयात असतात. वाईट हवेत वाढलेल्या मुलाच्या फुप्फुसांची क्षमता कमी राहिली, तर ती उणीव पुढे चांगल्या हवेत जाऊनही पुरती भरून निघत नाही. गर्भवतीच्या श्वासातील सूक्ष्म कणांचा संबंध कमी वजनाच्या बाळांशी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी जोडला गेला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की हे सारे महानगरांचे दुखणे असून नव्वद हजारांच्या गावाला ते लावणे ही अतिशयोक्ती आहे. या शास्त्राचा इतिहास नेमके उलटे सांगतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुरक्याने हजारो माणसे मेली हे सर्वश्रुत असले, तरी त्याआधी १९३० मध्ये बेल्जियममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यात सुमारे ६० आणि १९४८ मध्ये अमेरिकेतील डोनोरा या चौदा हजार वस्तीच्या कारखानदारी गावात २० माणसे अशाच कोंडलेल्या हवेने दगावली होती. आजच्या मानकांचा पाया घालणारा हार्वर्ड विद्यापीठाचा १९९३ चा अभ्यासही न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसवर उभा नव्हता. सहा अमेरिकी शहरांतील आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे मागोवा घेतल्यावर, धूम्रपानादी कारणे वजा करूनही, सर्वांत मलिन शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि त्यातील सर्वांत मलिन शहर होते स्ट्यूबेनव्हिल, ओहायो नदीकाठचे एक लहानसे पोलादाचे गाव. वस्ती लहान असली म्हणून फुप्फुसाला सवलत मिळत नाही; उगम किती जवळ आहे आणि हवा किती हलते यावर सारे ठरते.

हवा किती हलते हे बीड जिल्ह्यात ऋतूवर अवलंबून आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की बालाघाटच्या पठारावरील जमीन रात्री झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. वीटभट्ट्यांचा हंगाम याच सुमारास सुरू होतो, पहाटेच्या शेकोट्या आणि पेटवलेला कचरा त्यात भर घालतात, आणि हा सगळा धूर सूर्य वर येईपर्यंत जमिनीलगत साचून राहतो. पहाटे फिरायला जाणे आरोग्यदायी, ही समजूत अशा दिवसांत तपासून घ्यावी लागेल. बीड शहराला थर्मल नाही, पण धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आहे, डिझेलवर चालणारी जड वाहने आहेत आणि दुष्काळी जमिनीची सैल धूळ आहे. चार भिंतींच्या आतही सुटका असतेच असे नाही. डासांची एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असे एका अभ्यासात आढळले आहे, आणि मराठवाड्यात ती अनेकदा दार-खिडक्या लावून, तान्ह्या मुलाच्या पाळण्याजवळ लावली जाते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर राखेचे जाड कण अडवतो आणि तेवढ्यानेच निर्धास्त करतो. सूक्ष्म कणांना तो दिसतही नाही. एन-९५ मुखपट्टी त्यांना अडवते, पण मे महिन्याच्या उन्हात भट्टीवर विटा वाहणाऱ्या मजुराने ती दिवसभर लावून ठेवावी असे सांगणे सोपे आहे, पाळणे नाही.

मानके आणि नियम यांची स्थिती थोडक्यात अशी आहे. पीएम २.५ चे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल असे भारताचे २००९ चे मानक सांगते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा १० वरून ५ वर आणली. राखेबाबत पहिली केंद्रीय अधिसूचना १९९९ ची असून ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर करण्याचे बंधन केंद्रांवर घातले. हे धोरण योग्य असले तरी त्यात एक खोच आहे: वापर म्हणजे वाहतूक, आणि प्रत्येक वापरलेला टन रस्त्यावरूनच जातो, म्हणून कागदावर वापराची टक्केवारी सुधारत असतानाच रस्त्याकडेच्या घरांतील राख वाढू शकते. तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. चिमणीतून जाणारा गंधकाचा वायू हवेत सल्फेटच्या सूक्ष्म कणांत बदलतो आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतो. तो धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती २०१५ च्या नियमांनी केली, मुदती वारंवार वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर त्यातून सूट मिळाली. सक्ती राहिली ती दहा लाखांवरील शहरांजवळच्या केंद्रांवर, आणि अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा मानके न गाठणारी शहरे यांच्या जवळच्या केंद्रांबाबत एकेक प्रकरण तपासून निर्णय व्हायचा आहे. म्हणजे सुरुवातीस सांगितलेल्या यादीला येथे पुन्हा महत्त्व येते: जे शहर यादीत नाही, त्याच्या वाट्याला निधी येत नाही, आणि त्याच्याजवळच्या चिमणीवरचे बंधनही सैल होते.

मोजमापाचा प्रश्न सोडवायला दरवेळी नवे यंत्रच लागते असे नाही. अमेरिकेतील युटा राज्यात एका खोऱ्यातील पोलाद कारखाना १९८६-८७ मध्ये सुमारे तेरा महिने बंद राहिला, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ आर्डेन पोप यांनी तेथील रुग्णालयांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकाराने दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळाच्या दुप्पट ते तिप्पट होती. परळीला असा बंदचा काळ दुष्काळाने दोनदा दिला आहे, कारण २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी संपल्याने केंद्राचे सारे संच थांबले होते. परळी परिसरातील गंभीर रुग्ण सुमारे पंचवीस किलोमीटरवरील अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. तेथील बालरोग आणि छातीविकार विभागांच्या त्या वर्षांतील नोंदी अलीकडच्या-पलीकडच्या वर्षांशी महिन्यागणिक ताडून पाहता येतील. मात्र दुष्काळात धूळही वाढते आणि हजारो कुटुंबे ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जातात, म्हणून परळीच्या आकड्यांशेजारी दुष्काळ तोच पण राख नाही अशा केज आणि धारूर तालुक्यांतील रुग्णांचे आकडेही मांडावे लागतील.