सुविधा किती आहेत ते नको, किती दिवस चालू असतात ते मोजा

पेटची तयारी करताना किंवा आराखडा लिहायला बसल्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांची गाडी एका शीर्षकापाशी येऊन थांबते : ‘विद्यापीठातील भौतिक सुविधा व विद्यार्थी सेवा : एक चिकित्सक अभ्यास’. विषय वाईट नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते. वसतिगृहं किती, खोल्या किती, संगणक किती याचा एक तक्ता होतो, मग पाच पर्यायांची प्रश्नावली वाटली जाते आणि शेवटी ‘इतके टक्के विद्यार्थी समाधानी आहेत’ एवढंच हाती येतं. नळ तिथे आहे, पण त्याला पाणी किती दिवस होतं, हे त्या प्रबंधात कुठेच सापडत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न किरकोळ नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आलं. तेव्हापासून इथं शिकायला येणारा मोठा वर्ग खेड्यातून येतो. आजही आपल्या विद्यापीठाला बीड, जालना, धाराशिव हे जिल्हे जोडलेले आहेत. आष्टी किंवा भूमहून आलेल्या मुलीसाठी वसतिगृह, मेस आणि अभ्यासिका या शिक्षणाबरोबरच्या ‘अतिरिक्त सोयी’ नसतात. त्या बंद पडल्या की ती घरी परत जाते, आणि घरचे दुसऱ्यांदा पाठवतीलच असं नाही.

नॅकच्या सात निकषांत चौथा पायाभूत सुविधांचा आणि पाचवा विद्यार्थी साहाय्याचा राहिला आहे. देखभालीचा मुद्दा त्या चौथ्यातच येतो. पण अहवाल भरताना सगळा जोर ‘आहे’ दाखवण्यावर जातो. संशोधक म्हणून तुमचं काम तिथून पुढे सुरू होतं.

आता मोजायचं कसं? इथे एक अगदी सोपं सूत्र कामाला येतं. जॉन लिटल यांनी १९६१ साली ते सिद्ध केलं, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. औरंगपुऱ्यातल्या एखाद्या अभ्यासिकेच्या दारात उभे आहात असं समजा. तासाला सरासरी २० मुलं आत येतात आणि प्रत्येक जण सरासरी ४ तास बसतो. मग आत कोणत्याही वेळी सरासरी ८० मुलं असणार. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, बस, एवढंच. आत जाऊन डोकी मोजायची गरज नाही.

हेच सूत्र तक्रारींच्या रजिस्टरला लावा. समजा, वसतिगृहातून रोज सरासरी ६ तक्रारी येतात (नळ, दिवा, कडी, तुंबलेलं बाथरूम) आणि प्रलंबित तक्रारी साधारण ९० च्या आसपास राहतात. ९० भागिले ६ म्हणजे १५. एक तक्रार सुटायला सरासरी १५ दिवस लागतात. कार्यालय सांगत असेल की ‘आम्ही दोन दिवसांत दुरुस्ती करतो’, तर तुमच्या हातात आता एक नेमका प्रश्न आहे. उरलेले १३ दिवस तक्रार कुठे पडून असते? सहीसाठी, सामानासाठी की प्लंबर नाही म्हणून? माझ्या मते चांगला प्रबंध इथेच दडलेला असतो, कारण तिन्ही कारणांवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. सही अडत असेल तर आणखी दोन प्लंबर नेमून काही होणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. प्रलंबित तक्रारींचा ढीग महिन्यागणिक वाढतच चालला असेल तर हे सूत्र फसवतं. ते स्थिर परिस्थितीसाठी आहे. आणि सरासरी एकटी देऊ नका. दिवा दुसऱ्या दिवशी बदलतो, छताची गळती दोन महिने राहते. दोन्हींची सरासरी काढली तर ती कोणाचाच अनुभव सांगत नाही. प्रकारानुसार वेगळे आकडे आणि मध्यक द्या.

रजिस्टरवर आंधळा विश्वासही नको. तक्रारी कमी झाल्या म्हणजे सुधारणा झाली असं नाही. कधी कधी मुलांनी सांगणंच सोडलेलं असतं. मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल तर पुरुष कारकुनाच्या टेबलावर जाऊन लिहायला कोण तयार होतं? म्हणून स्वतःची पाहणी हवी. ठरावीक १० नळ निवडा, वेळा चिठ्ठी टाकून ठरवा आणि जाऊन फक्त ‘चालू’ की ‘बंद’ एवढं टिपा. महिनाभराच्या अशा नोंदी शंभर प्रश्नावल्यांपेक्षा जास्त बोलतात.

प्रश्नावली टाकून द्या असं नाही. १९८८ साली परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी मांडलेली सर्व्हक्वाल पद्धत अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक मोजते, आणि ती गाईडना ओळखीची असते. फक्त एक लक्षात घ्या. ज्याच्या गावात उन्हाळाभर टँकर येतो, तो दिवसाआड येणाऱ्या पाण्यावरही खूश असू शकतो. त्याचं समाधान खरंच आहे, पण त्यावरून पाणीव्यवस्था चांगली ठरत नाही.

रजिस्टर मिळवायला कुलसचिवांच्या नावे अर्ज द्या, गाईडची सही घ्या आणि आवक विभागातून शिक्का मारलेली पोच घ्यायला विसरू नका. तोंडी ‘या उद्या’ला अर्थ नसतो. नाहीच मिळालं तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा सार्वजनिक विद्यापीठांना लागू आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, तेवढे वेळापत्रकात आधीच धरा. तक्रारदारांची नावं आणि खोली क्रमांक मात्र तुमच्या प्रतीत येऊ देऊ नका. तक्रार केली म्हणून कुणाला त्रास झाला, असं तुमच्या अभ्यासामुळे व्हायला नको.

राहता राहिला कालावधी. आपल्या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीवरून येतं आणि नळाला ते रोज येत नाही, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे पाण्याच्या नोंदी फक्त ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या घेतल्या, तर आरआरसीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. मार्च ते मे धरूनच आखणी करा, आणि त्याच काळात परीक्षा असतात, वसतिगृह अर्धं रिकामं होतं, हेही आराखड्यात लिहा.