एअर इंडियाचं ए३५०: दार लावता येणारी सीट

एअर इंडियाची पहिली काही ए३५०-९०० विमानं मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी होती! युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर निर्बंध आले आणि ती आपल्याकडे वळली. पहिलं विमान डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत उतरलं. सप्टेंबर २०२४ पासून ही विमानं दिल्ली-लंडन मार्गावर.

बिझनेस क्लासमध्ये २८ सीट, रचना १-२-१, प्रत्येक सीटला सरकतं दार. एअर इंडियाच्या जुन्या ७८७ विमानांत २-२-२ रचना, म्हणजे खिडकीवाल्याला रात्री उठायचं तर झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. तो वैताग इथे नाही.

दारापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो हवेचा दाब. कार्बन फायबरच्या मजबूत सांगाड्यामुळे केबिनमध्ये तो सुमारे ६,००० फुटांवरच्या इतका राखता येतो. जुन्या, धातूच्या सांगाड्याच्या विमानांत सुमारे ८,००० फुटांवरच्या इतका. त्यामुळे थकवा कमी. आणि हा फायदा इकॉनॉमीवाल्यांनाही मिळतो, फुकटात!