वाहकाचे हृदय

लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढे. वाहकांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा, असे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले. पण मुळात जाडे लोकच चालक होत असतील तर? शंका रास्त होती. मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर मोठा निघाला खरा. मात्र सारख्या घेराच्या चालक-वाहकांची तुलना करूनही आकस्मिक मृत्यू चालकांतच जास्त! नियमित चालण्या-चढण्याने रक्तदाबही उतरतो, म्हणून पक्षाघाताचा धोका घटतो. आपल्या शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून, वाहकाची बरोबरी करायला किती फेऱ्या लागतील, हे गणित विद्यार्थ्यांना जरूर घालावे.